तेल आले नाही, अणुइंधन आले

होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला शिमोकिता नावाचे द्वीपकल्प आहे. नकाशात ते कुऱ्हाडीसारखे दिसते. पाते वर, दांडा खाली. त्या दांड्याच्या पूर्व अंगाला, प्रशांत महासागराच्या काठाने, रोक्काशो हे गाव पसरलेले आहे. गाव म्हणायचे ते सरकारदप्तरी. प्रत्यक्षात १८८९ साली सहा वस्त्या एकत्र करून झालेली ही किनाऱ्यालगतची लांबच लांब पट्टी आहे. उत्तरेला तोमारी हे मासेमारीचे बंदर, मध्ये ओबुची आणि ताकाहोको या वस्त्या आणि त्याच नावांची तळी, दक्षिणेला हिरानुमा आणि कुराउची. माणसे सगळी मिळून दहा हजारांच्या आसपास.

या गावात एकही अणुवीज केंद्र नाही. तरी देशभरातल्या अणुभट्ट्यांतून निघालेले जवळपास ३ हजार टन वापरलेले इंधन इथल्या पाण्याच्या हौदांत बुडवून ठेवलेले आहे. फ्रान्स आणि ब्रिटनमधून जहाजाने परत आलेले, काचेत ओतलेल्या कचऱ्याचे १,८३० डबे इथे आहेत. युरेनियम समृद्ध करण्याचा कारखाना इथे आहे. वीज केंद्रांतल्या कमी तीव्रतेच्या कचऱ्याची पिंपे इथेच पुरली जातात. आणि ज्याच्यावर जपानचे सगळे अणुधोरण टेकले आहे तो पुनर्प्रक्रियेचा कारखानाही इथलाच. त्याचा पाया १९९३ मध्ये घातला गेला. तीस वर्षे उलटली तरी उत्पादन सुरू झालेले नाही. हे सगळे एकाच गावाच्या अंगणात येऊन पडले त्यामागे कुणाचा मोठा कट नव्हता. एक योजना फसली, तिच्यासाठी घेतलेली जमीन पडून राहिली, आणि पडून असलेल्या जमिनीला गिऱ्हाईक शोधता शोधता हे घडले.

सुरुवात वाऱ्यापासून करावी लागेल. जून ते ऑगस्ट, म्हणजे भाताला ऊन हवे असते नेमके तेव्हा, ओखोत्स्क समुद्राकडून गार, दमट वारा येतो. त्याला या भागात यामासे म्हणतात. यामासे आला की धुके पसरते, पारा चढत नाही आणि लोंब्या पोचट राहतात. ईशान्य जपानच्या इतिहासातले मोठमोठे दुष्काळ याच वाऱ्याचे. त्यामुळे इथले शेतकरी पिढ्यान्पिढ्या भगरीच्या जातीच्या हलक्या धान्यावर आणि बटाट्यांवर जगत, घोडे पाळत. किनाऱ्यावरच्यांना मासळी होती. १९४५ नंतर मांचुरिया आणि साखालिनमधून हात हलवत परतलेल्या कुटुंबांना सरकारने इथली माळराने दिली. झाडे तोडायची, मुळे उपटायची आणि त्यावर पोट भरायचे. बऱ्याच जणांनी ते केलेही.

या लोकांना सरकारी सल्ले काही कमी मिळाले नाहीत. १९६०च्या दशकात साखरेचे बीट लावा असे सांगितले गेले. लावले. तेवढ्यात जपानने परदेशी साखरेला दारे उघडली आणि हे गाव ज्यात येते त्या आओमोरी प्रांतातला बीटचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला. याच भागात पोलाद काढण्याची एक योजना होती, तीही १९६५ मध्ये गुंडाळली गेली. मग भातशेती वाढवण्याचा सल्ला आला. खाचरे तयार होतात न होतात तोच, देशात तांदूळ जास्त झाला म्हणून १९७० पासून लागवड कमी करण्याचे धोरण लागू झाले. अशा गावात हिवाळा आला की घरातला कर्ता पुरुष तोक्योकडे बांधकामावर जाई. राजधानीतले रस्ते आणि भुयारी रेल्वे ज्या हातांनी बांधली त्यांत या भागातले हात पुष्कळ होते. घरी म्हातारी माणसे, बायका आणि मुले.

१९६९च्या मे महिन्यात सातो एसाकू यांच्या मंत्रिमंडळाने देशाच्या विकासाचा नवा आराखडा मंजूर केला. तोक्यो ते ओसाका हा पट्टा कारखान्यांनी आणि धुराने भरून गेला होता; आता अवजड उद्योग दूरच्या, मोकळ्या किनाऱ्यांवर न्यायचे होते. त्यासाठी निवडलेल्या जागांपैकी एक म्हणजे रोक्काशो आणि आसपासचा मुत्सु-ओगावारा हा प्रदेश. इथे तेलशुद्धीकरण कारखाने, पेट्रोकेमिकल संकुले, पोलादाच्या भट्ट्या, मोठे बंदर असे सारे काही उभे राहणार होते. रोज २० लाख पिंपे तेल शुद्ध करण्याची भाषा होती.

आराखडा जाहीर होण्याच्या सुमारासच दलाल गावात फिरू लागले होते. बीटमध्ये पोळलेला, कर्जात असलेला शेतकरी जमीन विकायला लगेच तयार होई; माळरानाला इतका भाव येईल असे त्याला कधी वाटले नव्हते. काहींना तर जमीन कशासाठी जाते आहे हेही नीट ठाऊक नव्हते. १९७१ मध्ये सरकारी वित्तसंस्था, आओमोरी प्रांत आणि बड्या खासगी कंपन्या यांनी मिळून मुत्सु-ओगावारा विकास कंपनी काढली आणि खरेदी पद्धतशीर सुरू झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रांताने विस्थापनाची पहिली रूपरेषा मांडली. त्यात हजारो माणसे उठणार होती. गाव हादरले.

गावाचे प्रमुख, म्हणजे आपल्याकडचे सरपंच म्हणू, तेव्हा तेराशिता रिकिसाबुरो हे होते. त्यांनी योजनेला उघड विरोध केला. या विरोधामागे एक जुनी आठवण होती. तरुणपणी ते जपानच्या ताब्यातल्या कोरियात एका मोठ्या रासायनिक कारखान्यात नोकरीला होते. कारखान्यासाठी तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी कशा गेल्या आणि नंतर त्या माणसांचे काय झाले, हे त्यांनी जवळून पाहिले होते. विकासाची मोठी योजना म्हणजे स्थानिक माणसाच्या पायाखालची जमीन काढून घेणे, हे त्यांचे मत तिथे बनले. पक्षाच्या पोथीतून आलेला हा विरोध नव्हता, म्हणूनच तो मोडायला अवघड गेला.

१९७३ साल गावाने भांडणात काढले. विकासवाद्यांनी सरपंचाला माघारी बोलावण्याची मोहीम काढली. विरोधकांनी विकासवाद्यांच्या पुढाऱ्याविरुद्ध तशीच मोहीम काढली. मतदान झाले, दोन्ही मोहिमा फसल्या, दोघेही जागेवर राहिले. एकाच घरातली माणसे दोन बाजूंना गेली, शेजाऱ्यांचे बोलणे तुटले. डिसेंबरमध्ये सरपंचपदाची निवडणूक आली. विकासाच्या बाजूचे फुरुकावा इसेमात्सु जिंकले. फरक होता ७९ मतांचा.

या निवडणुकीच्या दोनेक महिने आधी, ऑक्टोबरमध्ये, पश्चिम आशियात युद्ध पेटले होते आणि तेलाचे भाव भडकले होते. स्वस्त तेलाच्या भरवशावर रचलेली योजना मतमोजणीच्या दिवशीच मेलेली होती. गावाला ते कळायला काही वर्षे लागली. तेराशिता पुन्हा सत्तेवर आले नाहीत. १९९९ मध्ये मरेपर्यंत त्यांनी भूमिकाही बदलली नाही.

पुढची दहा वर्षे जमिनीवर गवत वाढले. सुमारे ५ हजार हेक्टरांचा पट्टा आखला होता. शेतकरी उठले होते, त्यांच्यासाठी चितोसेदाइरा नावाची नवी वसाहत वसवली होती. मोबदल्याच्या पैशातून मोठी घरे उभी राहिली. पण घराभोवती शेत नव्हते, आणि ज्या कारखान्यात नोकरी मिळणार होती तो कारखानाही नव्हता. पैसा संपत आला तशी माणसे पुन्हा बांधकामावर जाऊ लागली. तेल आले ते एवढेच की, आणीबाणीसाठी सरकारी साठा ठेवायला ५१ प्रचंड टाक्या बांधल्या गेल्या. त्यांत सुमारे ५७ लाख किलोलिटर तेल मावते. टाक्यांना राखणदार लागतात, कामगार फारसे लागत नाहीत. विकास कंपनी मात्र दरवर्षी व्याजाच्या ओझ्याखाली दबत गेली. १९९० च्या दशकाअखेर तिच्या डोक्यावर २३ हजार कोटी येनच्या घरात कर्ज साठले आणि शेवटी ती मोडीत काढावी लागली. त्याच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, तिला एकच चिंता होती: ही जमीन कुणी घेईल का?

गिऱ्हाईक मिळाले ते वीज कंपन्यांचे. त्यांचीही एक अडचण होती. अणुभट्टीत तीन-चार वर्षे जळलेले इंधन बाहेर काढले तरी त्यात युरेनियम उरलेले असते आणि नव्याने तयार झालेले प्लुटोनियमही असते. ते वेगळे काढून पुन्हा इंधन म्हणून वापरायचे, त्यासाठी विशेष जलदगती भट्ट्या बांधायच्या आणि परदेशी तेलाच्या कचाट्यातून सुटायचे, असे जपानचे १९५० च्या दशकापासूनचे स्वप्न होते. तोकाइ इथला पुनर्प्रक्रियेचा कारखाना लहान पडत होता, म्हणून इंधन फ्रान्समधल्या ला हाग आणि ब्रिटनमधल्या सेलाफील्डला पाठवले जाई. करारात एक अट होती. प्रक्रियेतून निघालेला कचरा ज्याचा त्याने परत न्यायचा. जपानला हा कचरा ठेवायला जागा हवी होती, मोठा कारखाना बांधायला जागा हवी होती, आणि जवळ खोल पाण्याचे बंदर हवे होते. रोक्काशोत हे सगळे होते. जमीन आधीच घेऊन झालेली होती, लोक आधीच उठवून झालेले होते.

शिमोकिताला अणूची ओळख त्यापूर्वी एकदा झाली होती आणि ती चांगली नव्हती. १९७४ मध्ये जपानचे पहिले अणुशक्तीवर चालणारे जहाज, मुत्सु, पहिल्याच चाचणीत भट्टीच्या कवचातून किरणोत्सर्ग झिरपला म्हणून समुद्रात अडकून पडले. मुत्सु उपसागरातले शिंपल्यांची शेती करणारे मच्छीमार त्याला बंदरात घ्यायला तयार नव्हते. जहाज कित्येक आठवडे खुल्या समुद्रावर तरंगत राहिले. हा प्रसंग किनाऱ्यावर कुणी विसरलेले नव्हते.

१९८४ च्या एप्रिलमध्ये वीज कंपन्यांच्या महासंघाने आओमोरीचे गव्हर्नर कितामुरा मासाया यांच्याकडे मागणी ठेवली. जुलैत रोक्काशोचे नाव अधिकृतपणे घेतले गेले. युरेनियम समृद्धीकरण, कमी तीव्रतेच्या कचऱ्याची साठवण आणि पुनर्प्रक्रिया, असे तीन प्रकल्प एकदम. तेलाच्या वेळी गावाने चार वर्षे वाद घातला होता. या वेळी एका वर्षाच्या आत सगळे उरकले: ९ एप्रिल १९८५ रोजी गव्हर्नरांनी संमती दिली आणि १८ एप्रिलला प्रांत, गाव आणि कंपन्या यांच्यात मूलभूत करार झाला. लोकमत घेण्याची मागणी प्रांताच्या विधानसभेत टिकली नाही. माझ्या मते रोक्काशोच्या इतिहासातली खरी हार ही आहे. १९७३ मध्ये गाव निदान आपसांत भांडून हरले होते; १९८५ मध्ये त्याला भांडायलाही वेळ मिळाला नाही.

भांडण उरले ते तोमारीत. कारखाना बांधण्याआधी समोरच्या समुद्राची पाहणी करायची होती आणि त्यासाठी मच्छीमार सोसायटीची संमती लागत होती. तोमारी म्हणजे स्क्विड, सॅमन, समुद्री शेवाळ यांवर जगणारी वस्ती. जमीन विकून तिला काही मिळाले नव्हते आणि समुद्र विकायची तिची तयारी नव्हती. सोसायटीच्या सभा हाणामारीवर गेल्या. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल घडले. त्यानंतर काही आठवड्यांतच, त्या उन्हाळ्यात, तटरक्षक दलाच्या गस्ती नौका आणि दंगलविरोधी पोलीस यांच्या बंदोबस्तात पाहणी उरकण्यात आली. होड्या घेऊन आडवे गेलेल्या मच्छीमारांना बाजूला सारले गेले, काहींना पकडले. पाहणी झाली. समुद्राचा सौदा नंतर नुकसानभरपाईच्या रूपाने झाला.

चेर्नोबिलचा परिणाम गावापेक्षा प्रांतात जास्त झाला. आओमोरी हा सफरचंदांचा प्रांत. एकदा नाव खराब झाले की फळ कोण घेईल, ही भीती शेतकऱ्यांच्या मनात बसली, आणि जे शेतकरी एरवी सत्ताधारी पक्षाचे हक्काचे मतदार होते ते उलटले. १९८८ च्या डिसेंबरमध्ये प्रांताच्या शेतकरी सहकारी संस्थांच्या मेळाव्याने प्रकल्पाविरुद्ध ठराव केला. १९८९ च्या जुलैत संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत प्रकल्पविरोधी शेतकरी उमेदवार मिकामी ताकाओ निवडून आले. त्याच डिसेंबरमध्ये रोक्काशोच्या मतदारांनी फुरुकावा इसेमात्सु यांना घरी बसवले आणि प्रकल्प गोठवू म्हणणाऱ्या त्सुचिदा हिरोशी यांना सरपंच केले. लढाई जिंकलीच असे वाटण्यासारखे हे दिवस होते.

पण गोठवणे म्हणजे रद्द करणे नव्हे. त्सुचिदा सत्तेवर आल्यावर हळूहळू प्रकल्पाच्या बाजूला सरकले. गावाच्या अंदाजपत्रकाला ज्याची सवय लागली होती तो पैसा नाकारणे त्यांना जमले नाही. १९९१ च्या फेब्रुवारीत गव्हर्नरपदाची निवडणूक झाली. सत्ताधारी पक्षाने तोक्योतून आपले सगळे वजन इथे ओतले आणि कितामुरा पुन्हा निवडून आले. तिथे चळवळीचा कणा मोडला. १९९२ मध्ये समृद्धीकरणाचा कारखाना आणि कचऱ्याचे पुरणकेंद्र सुरू झाले, आणि १९९३ च्या एप्रिलमध्ये पुनर्प्रक्रिया कारखान्याच्या बांधकामाला हात लागला. आराखडा मुख्यतः फ्रान्सच्या कोजेमा कंपनीचा. हीच कंपनी पुढे अरेव्हात विलीन झाली, आणि कोकणातल्या जैतापूर प्रकल्पासाठी भारताने २०१० मध्ये ज्या अरेव्हाशी करार केला ती हीच. कारखान्याचा खर्च ७६ हजार कोटी येन धरला होता आणि तो १९९७ मध्ये पुरा व्हायचा होता.

इथपर्यंतची कथा गावाच्या हरण्याची आहे. १९९५ मध्ये ती वळते.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत पॅसिफिक पिंटेल नावाचे जहाज फ्रान्सच्या शेरबुर्ग बंदरातून निघाले. पोटात काचेत गोठवलेल्या अतितीव्र कचऱ्याचे २८ डबे. हा डबा म्हणजे माणसाच्या छातीएवढ्या उंचीचे, सुमारे ४० सेंटिमीटर व्यासाचे पोलादी नळकांडे; वजन अर्धा टन. आडोशाशिवाय त्याच्याजवळ उभा राहिलेला माणूस मिनिटभरही जगण्याच्या हिशोबात राहत नाही. जहाज केप हॉर्नला वळसा घालून गेले. वाटेतल्या देशांनी आपल्या हद्दीतून दूर राहण्याचे इशारे दिले. २५ एप्रिलला ते मुत्सु-ओगावारा बंदराबाहेर पोहोचले आणि तिथे थांबले. नुकतेच निवडून आलेले गव्हर्नर किमुरा मोरिओ यांनी धक्क्याला लागण्याची परवानगी नाकारली होती.

किमुरा प्रकल्पाचे विरोधक नव्हते. ते सत्ताधारी गोटातलेच. त्यांना एक कागद हवा होता. हे डबे थंड होण्यासाठी ३० ते ५० वर्षे इथे राहतील, मग जमिनीखाली खोल कायमचे पुरायला दुसरीकडे जातील, असे केंद्र सरकार सांगत होते. दुसरीकडे म्हणजे कुठे, याचे उत्तर नव्हते. विज्ञान-तंत्रज्ञान खात्याच्या मंत्री तेव्हा तानाका माकिको होत्या. गव्हर्नरांच्या संमतीशिवाय आओमोरीला कायमची पुरणजागा केले जाणार नाही, असे लेखी आश्वासन सरकारकडून मिळाले आणि दुसऱ्या दिवशी, २६ एप्रिलला, जहाज धक्क्याला लागले. उणापुरा एक दिवस जहाज अडवून एका मागास प्रांताने तोक्योकडून शब्द घेतला होता.

या अनुभवातून शहाणे होऊन पुढचा कागद केला गेला तो १९९८ च्या जुलैत. वापरलेले इंधन गावात येऊ लागण्याआधी प्रांत, रोक्काशो गाव आणि कारखाना चालवणारी निहोन गेन्नेन कंपनी यांनी एक सामंजस्य करार केला. पुनर्प्रक्रिया करणे फारच अवघड झाले, तर साठवलेले इंधन गावाबाहेर नेण्यासह योग्य ती पावले कंपनी उचलेल, असे त्यात आहे. वाक्य साधे आहे. त्याचा अर्थ असा की इथले इंधन जोवर कच्चा माल आहे तोवरच इथे राहील; ते कचरा ठरले त्या दिवशी परत जाईल.

कारखाना मात्र पुरा होत नव्हता. इंधनाच्या हौदातून पाणी झिरपते आहे हे लक्षात आले, तपासणीत जागोजाग सदोष जोडकाम सापडले आणि दुरुस्तीत वर्षे गेली. ३१ मार्च २००६ रोजी खऱ्या इंधनावर चाचणी सुरू झाली. इंधनाच्या नळ्या कापणे, नायट्रिक आम्लात विरघळवणे, युरेनियम-प्लुटोनियम वेगळे करणे, हे टप्पे जमले. सुमारे ४२५ टन इंधनावर प्रक्रियाही झाली. गाडी अडली ती शेवटी, काचेपाशी. उरलेला जळजळीत द्रव वितळलेल्या काचेत मिसळून डब्यात ओतायचा असतो. बाकी कारखाना फ्रेंच पद्धतीचा, पण काचेची भट्टी मात्र तोकाइत विकसित केलेली, स्वदेशी. द्रवातले प्लॅटिनम गटातले जड धातू भट्टीच्या तळाशी बसू लागले आणि ओतण्याचे तोंड चोंदले. ढवळायला आत दांडा घातला तर तो वाकला. नंतर कॅमेऱ्यातून पाहिले तेव्हा भट्टीच्या छताची एक वीट निखळून आत पडलेली दिसली. २००९ च्या जानेवारीत त्याच कक्षात सुमारे १५० लिटर अतितीव्र द्रव सांडला. माणूस आत जाऊ शकत नाही. दुरून यांत्रिक हातांनी पुसत बसायचे. जगातल्या सर्वात महागड्या कारखान्यांपैकी एक कारखाना एका विटेपायी आणि तळाच्या गाळापायी खोळंबला. त्याच सुमारास दक्षिणेकडच्या इवाते प्रांतातले मच्छीमार चाचणीतून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या पाण्याविरुद्ध सह्या गोळा करत होते.

११ मार्च २०११ च्या भूकंपात रोक्काशोची बाहेरची वीज गेली. हौदातल्या इंधनाला थंड ठेवणारे पंप डिझेल जनित्रांवर चालवावे लागले. जनित्रे चालली, त्सुनामी कारखान्यापर्यंत आली नाही, आणि सगळ्या जगाचे लक्ष दक्षिणेला फुकुशिमाकडे राहिले.

त्यानंतर दीड वर्षाने १९९८ चा कागद कामाला आला. नोदा योशिहिको यांचे सरकार २०३० च्या दशकात अणुवीज शून्यावर आणायची असे ठरवत होते. जनमत त्या बाजूचे होते. अणुवीजच नको तर प्लुटोनियम कशाला, आणि प्लुटोनियम नको तर पुनर्प्रक्रिया कशाला? हा तर्क कुणालाही सुचेल. ७ सप्टेंबर २०१२ रोजी रोक्काशोच्या ग्रामपरिषदेने ठराव केला: पुनर्प्रक्रिया सोडत असाल तर इथले वापरलेले इंधन ज्याचे त्याने परत न्यावे, आणि परदेशातून परतणारा कचराही यापुढे गाव आत घेणार नाही.

या ठरावात किती ताकद होती ते हिशोब मांडला की कळते. रोक्काशोच्या हौदांत तेव्हा २,९०० टनांच्या आसपास इंधन होते. ते परत गेले असते तर आधीच भरत आलेले वीज केंद्रांचे हौद पार भरून गेले असते. जळलेले इंधन काढून ठेवायला जागा नसेल तर भट्टी चालवता येत नाही. म्हणजे २०३० च्या दशकात बंद करायच्या भट्ट्या लगेच बंद पडल्या असत्या. एका आठवड्याने, १४ सप्टेंबरला, सरकारचे धोरण आले. अणुवीज शून्यावर आणायची, आणि पुनर्प्रक्रिया चालू ठेवायची. दोन वाक्ये एकमेकांना काटणारी होती, याची जाणीव लिहिणाऱ्यांना नसेल असे मानणे कठीण आहे. काही दिवसांत मंत्रिमंडळाने धोरणाचा मूळ मसुदा पूर्ण स्वीकारण्याचेही टाळले. वॉशिंग्टनमधून आणि उद्योगजगतातून दबाव होता हे खरे. पण दहा हजार वस्तीच्या एका गावाने घातलेली पाचर त्याहून कमी नव्हती.

यात दुःखाची बाजू अशी की ज्या प्रकल्पाविरुद्ध १९८९ मध्ये याच गावाने मत दिले होते, त्याचा आता ते गावच सर्वात कट्टर रखवालदार झाले होते. गावाला दोष देणे सोपे आहे, बरोबर नाही. हिवाळी स्थलांतर थांबले ते याच प्रकल्पामुळे. बाप तोक्योला गेल्यामुळे आजोबांकडे वाढलेली मुले मोठी होऊन स्वतःच्या मुलांसोबत घरी जेवू लागली, याची किंमत बाहेरच्याने करू नये. कंपनीचा मालमत्ताकर आणि वीज प्रकल्पांसाठीची सरकारी अनुदाने यांमुळे गाव श्रीमंत झाले. नाट्यगृह, वाचनालय असलेले स्वानी हे सांस्कृतिक केंद्र मोठ्या शहराला शोभेल असे आहे. दरडोई उत्पन्नात रोक्काशो आओमोरी प्रांतात सर्वात वर असते. या आकड्यात कंपन्यांचे उत्पन्नही धरलेले असते, एवढे मात्र लक्षात ठेवावे. बाहेरून परतलेली एक शेतकरी महिला १९९० च्या दशकापासून इथे ट्युलिप लावत आली, फुलांच्या निमित्ताने लोकांना बोलावत आली आणि प्रकल्पावाचूनही गाव जगू शकते असे सांगत आली. कामानाका हितोमी यांनी २००६ मध्ये रोक्काशोवर केलेल्या माहितीपटात प्रकल्पाचे समर्थक आणि विरोधक दोघेही दिसतात, आणि दोघेही एकमेकांना ओळखतात हेही दिसते. गावात एवढ्या वर्षांत विरोध संपला नाही, फक्त तो मोठ्याने बोलला जात नाही.

दरम्यान ज्या स्वप्नासाठी हे सारे उभारले ते विरले. प्लुटोनियम वापरणारी मोंजू ही जलदगती भट्टी १९९५ मध्ये सोडियम गळतीने बंद पडली, पुढे फारशी चाललीच नाही, आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये ती मोडीत काढण्याचा निर्णय झाला. जपानकडे सुमारे ४५ टन प्लुटोनियम साठून आहे, बहुतेक फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये. साठा वाढवायचा नाही असे सरकारने २०१८ मध्ये ठरवले. रोक्काशोचा कारखाना पूर्ण क्षमतेने, म्हणजे वर्षाला ८०० टन इंधन घेऊन चालला, तर दरवर्षी आणखी कित्येक टन प्लुटोनियम निघेल. ते कुठे वापरायचे याचे पुरते उत्तर कुणाकडे नाही.

तरी कारखाना सोडताही येत नाही. नव्या सुरक्षा निकषांनुसार त्याला २०२० च्या जुलैत मान्यता मिळाली. दोन वर्षांनी, २०२२ च्या जुलैत, अतितीव्र द्रवाच्या एका टाकीला थंड करणारे पाणी चुकीची झडप बंद केल्यामुळे सुमारे आठ तास थांबले होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने कारखाना पुरा होण्याची तारीख सत्ताविसाव्यांदा पुढे ढकलली. बांधणी, चालवणे आणि शेवटी मोडणे धरून एकूण खर्चाचा अंदाज आता १५ लाख कोटी येनच्या आसपास गेला आहे. जो यामासे पिकांचा वैरी होता त्याच्याच देशात आज पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत, आणि तेलासाठी घेतलेल्या जमिनीच्या काही भागावर सौर पॅनेल बसवले आहेत. जमिनीला कामाचे गिऱ्हाईक मिळाले ते काही दशकांनी.

पॅसिफिक पिंटेलने आणलेल्या २८ डब्यांची ५० वर्षांची मुदत २०४५ च्या एप्रिलमध्ये संपते. ते कुठे पुरायचे हे ठरवण्यासाठी होक्काइदोतल्या सुत्त्सु आणि कामोएनाइ या दोन ठिकाणी २०२० पासून आणि क्यूशूतल्या गेंकाइ इथे २०२४ पासून प्राथमिक, कागदोपत्री पाहणी झाली. सरकारच्याच हिशोबाने पाहणीचे सगळे टप्पे पुरे व्हायला वीसेक वर्षे लागतात आणि त्यानंतर बांधकाम. म्हणजे जागा उद्या ठरली तरी मुदत पाळता येणार नाही, आणि जागा ठरलेली नाही. १९९५ च्या आश्वासनाची ही कसोटी आहे, आणि तिचा निकाल आजच सांगता येतो: डबे २०४५ नंतरही रोक्काशोतच असतील.